ट्रेलर किनाऱ्यावर नको, वाडीत उभा करा

दिवाळी उलटली की शिरोडा-रेडी रस्त्यावर चाकांवरची घरं दिसू लागतात. बहुतेकांनी व्हॅनच्याच पोटात बिछाना आणि ओटा बसवून घेतलेला असतो. अलीकडे मात्र गाडीच्या मागे छोटा ट्रेलर ओढत येणारेही अधूनमधून भेटतात. तिठ्यावर थांबून ते पत्ता विचारतात आणि दुसरा प्रश्न ठरलेला असतो, "काका, गाडी थेट पाण्यापर्यंत जाते का?"

"जाता मरे," मी सांगतो, "येताना जेसीबी लागता."

ते हसतात. मी गंमत करत नसतो. छोट्या ट्रेलरची जागा पुळणीवर नाही आणि सुरूच्या बनातही नाही. ती कोणाच्या तरी वाडीत आहे, घरमालकाला विचारून आणि त्याला पैसे देऊन. सरकारनेही कॅरव्हॅन पर्यटनाची मोठी चित्रं रंगवण्याआधी या वाड्यांकडे बघावं, एवढंच मला म्हणायचं आहे. पण माझ्यासारख्याने उगाच उपदेश करू नये, म्हणून आधी ट्रेलरबद्दल बोलतो.

माझा जन्म गेला इथल्या खाणीच्या ट्रकांखाली, पाठीवर झोपून. रेडी म्हणजे लोहखनिज आणि लोहखनिज म्हणजे ट्रक. आमचा द्विभुज गणपतीसुद्धा १९७६ साली एका ट्रकवाल्याला पडलेल्या स्वप्नावरून जमिनीतून वर आला, असं गाव सांगतं. काम सुटल्यावर मी आणि बायकोने एका आसाचा आखूड ट्रेलर घेतला. दोघांना झोपता येतं, पाय पूर्ण लांब होतात, आणि उभं राहिलं तर माझं डोकं छपराला लागतं, तिचं लागत नाही. तिच्या मते हीच योग्य उंची आहे.

ट्रेलर घेणारा माणूस आधी आतलं बघतो. गादी कशी, सिंक कुठे, दिवे किती. मी म्हणतो, आधी वजनकाट्यावर चला. प्रवासाला निघताना जेवढं सामान भरणार तेवढं भरून ट्रेलर एकटा काट्यावर घाला. तो समजा ७०० किलो भरला, तर त्यातले साधारण ७० किलो, म्हणजे दहावा हिस्सा, गाडीच्या मागे ट्रेलर जोडायच्या बॉलवर यायला हवेत. तो भार तुमच्या गाडीला झेपतो का, हे गाडीच्या पुस्तकात बघायचं. घरात वजन करायचा काटा असतो ना, तोच बॉलच्या उंचीवर टेकू देऊन दांड्याखाली धरला तरी हा आकडा कळतो. पुढचा भार कमी पडला आणि जड सामान मागे गेलं, की वेग वाढताच ट्रेलर डावी-उजवीकडे झुलायला लागतो, आणि ते झुलणं पुढच्या गाडीलाही ओढून नेतं. अशा वेळी घाबरून ब्रेक मारायचा नाही, स्टिअरिंग उलटसुलट फिरवायचं नाही. ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, चाक सरळ धरायचं आणि वेग आपोआप उतरू द्यायचा. मग बाजूला थांबून सामान हलवायचं. जड वस्तू आसावर किंवा किंचित पुढे, हलक्या वस्तू वर आणि मागे. पाण्याची टाकी मुक्कामाला पोचल्यावर भरा. ६० लिटर पाणी म्हणजे ६० किलो, ते पुण्याहून रेडीपर्यंत कशाला ओढायचं? आमच्या विहिरींना पाणी आहे.

कागदांचं थोडक्यात सांगतो. कायद्याच्या लेखी ट्रेलर हे स्वतंत्र वाहन आहे. त्याची नोंदणी वेगळी, विमा वेगळा. वेल्डिंगवाल्याकडून सांगाडा करून घेऊन बिननंबराचा रस्त्यावर आणणारे लोक मी बघितले आहेत. अपघात झाला की विमा कंपनी आधी कागद मागते, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवं. जोडणीच्या खाली दोन साखळ्या असतात, त्या एकमेकींवरून फुलीसारख्या लावायच्या. बॉल सुटलाच तर दांडा रस्त्यात न रुतता त्या साखळ्यांवर पडतो.

आता रस्ता. आंबोली घाट उतरताना एकच जुना नियम : ज्या गिअरमध्ये हा घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. लहान ट्रेलरला बहुधा स्वतःचे ब्रेक नसतात, सगळा भार गाडीच्या ब्रेकवर येतो. करपट वास आला म्हणजे उशीर झालेला असतो. सावंतवाडीहून मळेवाडमार्गे शिरोड्याला येताना वेगळीच परीक्षा असते. दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, मध्ये एक गाडी जाईल एवढी वाट आणि समोरून एसटी. ट्रेलर वळणावर आतून कापतो, म्हणून वळण नेहमीपेक्षा रुंद घ्यायचं, नाहीतर गडग्याचा कोपरा ट्रेलरच्या पोटात शिरतो. मागे घेणं ही खरी विद्या. स्टिअरिंग तळाशी एका हाताने धरा. ट्रेलरची शेपटी ज्या बाजूला जायला हवी त्याच बाजूला हात सरकवा, आणि थोडं थोडं. आखूड ट्रेलर सोपा असेल असं वाटतं, पण लांबापेक्षा तोच लवकर दुमडतो. सुट्टीच्या दिवशी एखाद्या मोकळ्या मैदानात याचा सराव करा, बायको-मुलांना घरी ठेवून. संसार टिकतो.

गोव्याच्या बाजूला उतरायचं असेल तर तेरेखोलचा किल्ला रेडीहून रस्त्यानेच गाठता येतो, नदी ओलांडावी लागत नाही. पलीकडे केरीला जाणारी फेरीबोट आहे, पण ओहोटीला तिच्या उतारावर ट्रेलरची शेपटी घासते. त्यापेक्षा आरोंदा-किरणपाणीच्या पुलावरून जा.

आमच्या किनाऱ्यावर ट्रेलर म्हातारा करतो तो खारा वारा. मुक्काम संपला की खालून, आसाजवळून, कमानपाट्यांमधून गोड्या पाण्याने धुवायचा. धुतला नाही तर वर्षभरात पत्र्याला फोड येतात. बेअरिंगला ग्रीस दरवर्षी, मग ट्रेलर किती का कमी फिरलेला असेना. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी पाच-सहा वर्षांनी तो बदलायचाच. उभ्या ट्रेलरचे टायर झिजत नाहीत, ते सुकून तडकतात. टायरच्या कडेवर चार आकडी खूण असते, पहिले दोन आकडे आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. दुकानदाराने "नवा" म्हटलं तरी ती वाचा. पावसाळ्यात आमच्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. प्लास्टिक घट्ट गुंडाळून ठेवलेला ट्रेलर गणपतीत उघडला तर आत बुरशीचा बगीचा झालेला असतो. मांगरात किंवा पत्र्याच्या शेडखाली, जॅकवर उचलून, खिडक्या बोटभर उघड्या ठेवून उभा करा. वायरींना उंदरांपासून जपा. छपराचे सांधे मृगाच्या आधी तपासा, मृगानंतर ते स्वतःच सांगतात.

मुक्कामाला उभं कुठे राहायचं, इथे शहरातल्या माणसाला माडांची रांग मोहात पाडते. माडाखाली ट्रेलर लावू नका. नारळ पडतो, आणि नारळ चुकला तर सुकलेलं चुडत पडतं, तेही हलकं नसतं. माझ्याकडे जागा आहे ती जुन्या फणसाच्या सावलीत, फणस लागण्याआधीपर्यंत. फणस लागले की तिथूनही हलवतो. चाकांना दोन्ही बाजूंनी चिऱ्याचे तुकडे लावा आणि मगच ट्रेलर गाडीपासून सोडवा, उलट क्रमाने नाही. खिडक्या समोरासमोर असतील तर त्यांचं तोंड पूर्व-पश्चिम ठेवा. दुपारी खारे वारे समुद्राकडून येतात, पहाटेकडे मतलई वारे जमिनीकडून जातात. दोन्हींचा फुकट फायदा होतो.

हे वारे सोडून लोक एसीच्या मागे लागतात. १०० अँपिअर-अवर, १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १२०० वॉट-अवर. हजार वॉट ओढणारा एसी तिला तासाभरात रिकामी करेल. पंचवीस वॉटचा छोटा पंखा तिच्यावर रात्रभर फिरून सकाळी दिवेही लागतात. वाडीतून वीज घेणार असाल तर अर्थिंग बघा आणि ३० मिलीअँपिअरवर तुटणारा ब्रेकर मध्ये बसवा. अंगण ओलं, पाय अनवाणी आणि पत्र्याचं घर, इथे काटकसर करू नका. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो, म्हणून झरोका वर असून भागत नाही, तळालाही लागतो. आणि थंडी वाजते म्हणून कोळशाची शेगडी आत घेऊन दार लावून झोपू नका, तो धूर दिसतही नाही आणि उठूही देत नाही. आमच्याकडे तशी थंडी पडत नाही, पण हाच ट्रेलर तुम्ही महाबळेश्वरलाही नेणार.

राहिला संडास. ट्रेलरमधल्या डब्यात वीस लिटरच्या आसपास मावतं, दोघांना दोन-तीन दिवस. मग तो रिकामा कुठे करणार? पुळणीवर उभ्या असलेल्यांचं उत्तर मी सकाळी फिरायला गेलो की मला दिसतं. म्हणूनच मी वाडी वाडी करतो. वाडीत घर असतं, घराला सेप्टिक टँक असतो, आणि घरातल्या बाईला तुम्ही सांगता, "वहिनी, डबा रिकामा करू का?" त्या विचारण्यातच अर्धी स्वच्छता होते.

किनाऱ्यावर नको म्हणण्याचं दुसरं कारण कासवांचं. ट्रेलरवाल्यांचा हंगाम दिवाळी ते मे. ऑलिव्ह रिडली कासवं वेंगुर्ल्याच्या या पट्ट्यात, वायंगणीपासून शिरोड्यापर्यंत, अंडी घालायला येतात तीही साधारण नोव्हेंबर ते मार्च. पिल्लं बाहेर पडली की ज्या बाजूला उजेड त्या बाजूला चालतात. एरवी ती बाजू समुद्राची असते. तुमच्या एलईडी पट्टीने ती तुमच्या चाकाखालची होते. शिवाय घरट्यावरून चाक गेलं तर कळतही नाही, कारण घरटं वाळूखाली असतं. किनारा सगळ्यांचा आहे, असं मला ऐकवलं जातं. सगळ्यांचा आहे म्हणून तर त्यावर घर नेऊ नये. पायी जा, कितीही वेळ बसा.

फिरत्यांनी गावात उतरायची रीत आम्हाला नवी नाही. दशावतारी कंपन्या, मोचेमाडकर म्हणा, पार्सेकर म्हणा, जत्रेच्या हंगामात रोज नव्या गावात जातात. ज्या देवाची जत्रा, तिथेच त्यांचा मुक्काम, आणि कुठे उतरायचं, कुठे रंगायचं हे गावाने ठरवलेलं असतं. गावाबाहेर कुठेतरी तंबू ठोकून ते गावाला सोयीचे झाले नसते.

केंद्राने कॅरव्हॅन पार्कांचं धोरण २०१० साली काढलं. महाराष्ट्राचं आलं २०२१ साली, त्याच वर्षी केरळचंही. आपल्या धोरणात टेंट ट्रेलर, घडीचं कॅरव्हॅन असे छोटे प्रकारही गणलेले आहेत, हे चांगलं. पण पार्क म्हटलं की डोळ्यांपुढे येतं ते कंपाउंड, कमान आणि स्वागतकक्ष. रेडीसारख्या गावात त्याची गरज काय? रस्त्याला लागून वाडी, आत वळायला जागा, एक नळ, अर्थिंगवाला एक पंधरा अँपिअरचा सॉकेट, आणि सेप्टिक टँकला झाकणाचं एक तोंड, जिथे पाहुण्याला डबा ओतता येईल. एवढं असलेल्या घरांची यादी ग्रामपंचायतीने करावी, पर्यटन महामंडळाने ती छापावी, दर फलकावर लिहावा. आंब्या-काजूच्या हंगामाआधी हातात दोन पैसे आले तर कोणत्या घराला नको आहेत? एखादा म्हणेल, मग सगळेच ट्रेलर वाड्यांत भरतील आणि गावाला त्रास होईल. होईल, जर दर वाडीला एक ही मर्यादा नसेल तर. ती मर्यादा पाळणं घरमालकाच्या हातात आहे, कंत्राटदाराच्या नाही. कंत्राटदाराला जागा भरायची असते.

माझ्याकडे यायचं असेल तर आधी विचारून या. फाटक दहा फुटी आहे, शिरोड्याकडून येताना डावीकडे लागतं, पण सरळ वळू नका. थोडं पुढे जाऊन मागे घ्या.