गुडघ्यांना ऐकू येत नाही

माणसाने तीन गोष्टी दुकानात तपासून घेऊ नयेत, असे माझे ठाम मत आहे : चप्पल, आंबा आणि गिटारचा स्पीकर. दुकानातल्या गालिच्यावर चप्पल कधी चावत नाही, विक्रेत्याने स्वतः कापून दिलेली आंब्याची फोड कधी आंबट निघत नाही, आणि दुकानात वाजवून पाहिलेला स्पीकर थेट गंधर्वलोकातून आल्यासारखा वाटतो. पहिल्या दोहोंबाबत समाज पुरेसा जागा आहे. तिसऱ्याबाबत कोणी बोलत नाही, म्हणून ते वाईटपणाचे काम मी पत्करतो.

मी हौशी गिटारवाला. इलेक्ट्रिक गिटारला ॲम्प्लिफायर लागतो आणि ॲम्प्लिफायरला स्पीकरचे लाकडी खोके लागते. त्याला कॅबिनेट म्हणतात. बारा इंची दोन स्पीकरांचे असे एक जुने कॅबिनेट मी गेल्या वर्षी घेतले आणि दोन हमालांच्या मदतीने तिसऱ्या मजल्यावर चढवले.

“हे काय आणलंत?” सौ.ने विचारले.

“कॅबिनेट.”

“बरं झालं. रजया कुठं ठेवायच्या हा प्रश्नच होता.”

ते मागून उघडत नाही हे कळल्यावर तिचा त्यातला रस संपला.

दुकानात मी एकच तांत्रिक प्रश्न विचारला होता : “किती वॅट?” शंभर, असे उत्तर आल्यावर मी धन्य झालो. मध्यमवर्गीयाला वॅटचे आकर्षण फार. मिक्सर असो, पंखा असो, की स्पीकर, आकडा मोठा असला की पैसे वसूल! आता विज्ञान काय सांगते पाहा. वॅट दुप्पट केले की आवाज वाढतो फक्त तीन डेसिबल. कानाला दुप्पट वाटायला वॅट सुमारे दहापट लागतात. आणि गिटारचा बारा इंची स्पीकर एका वॅटमध्येच एक मीटरवर अठ्ठ्याण्णव-शंभर डेसिबलच्या घरात ओरडतो. म्हणजे आमच्या सोसायटीच्या हॉलला एक वॅट पुरे. उरलेले नव्व्याण्णव मी निव्वळ प्रतिष्ठेसाठी तिसऱ्या मजल्यावर चढवले होते.

हे मोठ्या खोक्यांचे वेड मूळचे लंडनचे. १९६५ च्या सुमारास ‘द हू’च्या पीट टाऊनशेंडने जिम मार्शल यांच्याकडून आठ स्पीकरांचे एकच कपाट करून घेतले. ते वाहणाऱ्यांनी कमरेवर हात ठेवून तक्रार केली, तेव्हा चार-चार स्पीकरांची दोन खोकी एकावर एक रचायची पद्धत पडली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर बीटल्ससमोर पंचावन्न हजारांवर माणसे किंचाळत होती, आणि शंभर वॅटचे ॲम्प्लिफायरसुद्धा त्यापुढे हरले. त्या मंडळींची गरज खरी होती. सभागृहातले कर्णे तेव्हा दुबळे होते. आज स्पीकरपुढे एक माइक ठेवला की पुढची जबाबदारी मोठे कर्णे घेतात. आमच्यासमोर तर बहात्तर बिऱ्हाडे, त्यातली निम्मी घरी मालिका पाहत बसलेली. किंचाळणार कोण? फार तर एखादे तान्हे मूल.

तरी गणेशोत्सवात मी ते खोके मंचावर नेलेच. ‘प्रत्यक्ष कार्यक्रमात आजमावून पाहू’ म्हणून.

गाणार होत्या आमच्या पहिल्या मजल्यावरच्या बाई. चाळीस वर्षे शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, वय पंच्याहत्तर. यजमान गेल्यापासून चार वर्षे त्या गायल्या नव्हत्या. या वर्षी कशाबशा तयार झाल्या होत्या.

पहिल्या कडव्यालाच माझ्या लक्षात आले की मला मीच ऐकू येत नाही. दुकानात मधाळ वाटलेला आवाज इथे कुठे गेला? मी बटण चारवर नेले. मग पाचवर. मग सहावर. ड्रमवाल्याला वाटले मी जोशात आलो, त्याने जोर वाढवला. बासवाला मागे का राहील? महागाईसारखे झाले. प्रत्येक जण दुसऱ्याने वाढवले म्हणून वाढवतो.

कार्यक्रम संपल्यावर बाई जवळ आल्या. “छान वाजवलंस हो,” त्या म्हणाल्या. “मला माझं गाणं काही ऐकू आलं नाही. पण तुझं अगदी खणखणीत.”

वर्गात छडी न वापरणाऱ्या शिक्षकांचे मार फार लागतात.

रात्री झोप लागेना, तेव्हा विचार केला. दुकानात मी स्टुलावर बसलो होतो आणि खोके समोर, कानाच्या उंचीला. मंचावर ते जमिनीवर होते, आणि मी त्याच्यापुढे हातभरावर उभा. बारा इंची स्पीकरचा तीक्ष्ण आवाज विजेरीच्या झोतासारखा सरळ जातो, बाजूला फारसा पसरत नाही. म्हणजे तो माझ्या गुडघ्यांना लागून थेट तिसऱ्या रांगेच्या कानांत शिरत होता. गुडघ्यांना संधिवात कळतो, संगीत कळत नाही. त्यात गिटारची नि माणसाच्या गळ्याची बरीचशी भरवस्ती एकाच पट्टीत. मी वाढलो की गाणारा बुडालाच.

दुसऱ्या दिवशी बक्षीससमारंभ होता. सेक्रेटरींच्या हातापाया पडून मी त्यात बाईंचे एक गाणे घालायला लावले. दोन लोखंडी खुर्च्या जोडून त्यांवर खोके चढवले, भिंतीला टेकवून किंचित मागे कलवले. (फेंडर कंपनीने १९६० च्या दशकातच ॲम्प्लिफायरांना मागे कलवायला बाजूला पाय दिले होते. शहाणी माणसे आपल्याआधी जन्माला येतात, हाच आपला त्रास.) पहिला सूर छेडला आणि मी दचकलो. इतका वाईट मी वाजवतो? बटण सहावरून दोनवर आणले.

म्हणून माझे म्हणणे स्पष्ट आहे. ‘मोठा तो चांगला’ ही समजूत गिटारवाल्यांपुरती नाही. मांडवातल्या भिंती, वरातीतले कर्णे, सभेतले वक्ते, सगळे याच रोगाचे रोगी. २००० साली केंद्र सरकारने ध्वनिप्रदूषणाचे नियम केले, निवासी भागात दिवसा पंचावन्न डेसिबलची मर्यादा घातली. ती मोजायला यंत्र लागते. माझी कसोटी बिनयंत्राची आहे : शेजारच्याचे ऐकू येते का? येत नसेल तर आवाज कमी आपला नाही, जास्त आहे. आणि स्वतःचे ऐकू येत नसेल तर खोके मोठे करू नका, उचलून कानाशी आणा. आपला आवाज एकदा स्वतःच्या कानांनी ऐकला की कोणीही आपण होऊन बटण खाली आणतो. वक्त्यांनाही हा प्रयोग जरूर करून पाहावा.

गाणे संपल्यावर बाई आल्या. चेहरा खुलला होता.

“आज वाजवलं नाहीस का रे?”

“वाजवलं की, बाई.”

“हो?” त्या क्षणभर थांबल्या. “मग चांगलंच वाजवलं असशील.”