विंचवाचे बिऱ्हाड आणि टायरावरचे चार आकडे

एका जागी न टिकणाऱ्या माणसाबद्दल मराठीत 'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' असे म्हणतात. अमेरिकेतील नोकरी संपल्यावर आम्ही पतिपत्नींनी एक जुनी मोटरहोम घेतली, तेव्हा पुण्यातील स्नेह्यांनी आम्हांला हीच म्हण ऐकवली. स्वयंपाकघर, न्हाणीघर, दोन खोकी पुस्तके आणि सहा टायर, असे हे बिऱ्हाड. म्हणीत एक गोष्ट मात्र राहून गेली आहे. विंचवाचे बिऱ्हाड बिघडले तर त्याला कोणाच्या दारात उभे राहावे लागत नाही. आम्हांला राहावे लागते. प्रवाससाहित्याचा विचार करणाऱ्यांनी या दाराकडे पुरेसे पाहिलेले नाही, असे आमचे मत आहे.

२०२३ च्या जुलैत न्यू मेक्सिकोत भर उन्हात आमचा मागचा, आतल्या बाजूचा टायर फुटला. गाडी कशीबशी कडेला आली. रबराच्या फटकाऱ्याने चाकावरचा तळ फाटला, पाण्याची नळी तुटली. पाच तासांनी मदतीचा ट्रक आला. त्या मेकॅनिकने बॅटरी धरून आम्हांला गाडीखाली वाकायला लावले आणि टायरावरचे चार आकडे दाखवले : २३१२. म्हणजे २०१२ सालचा २३ वा आठवडा. टायर अकरा वर्षांचा होता. महिन्यापूर्वीच एका टायरच्या दुकानात आम्ही सहाही टायर दाखवले होते. "नक्षी शाबूत आहे, खुशाल जा," असे उत्तर मिळाले होते. आकडे तिथे कोणी वाचले नव्हते. अर्थात आम्हीही नव्हते. उभी हयात विद्यार्थ्यांना 'शब्द नीट वाचा' असे बजावण्यात गेली. आणि ज्या मजकुरावर आमचा जीव टांगलेला होता, तो आम्ही वाचला नाही.

मोटरहोमचा टायर बहुधा झिजून मरत नाही, वयाने मरतो. गाडी वर्षातील बरेच महिने उभी असते. चाक फिरत राहिले की रबरातील संरक्षक द्रव्ये पृष्ठभागावर येत राहतात. उभ्या गाडीत ती येत नाहीत आणि ऊन व ओझोन रबराला आतून बाहेरून ठिसूळ करतात. नक्षी मात्र नव्यासारखी दिसते. म्हणूनच पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी करावी आणि दहा वर्षांनंतर टायर ठेवूच नये, असे अनेक उत्पादक सांगतात. तारखेचा पूर्ण संकेत टायराच्या एकाच बाजूवर असला तरी चालतो. ती बाजू आत गेली, की जमिनीवर आडवे झाल्याखेरीज तो दिसत नाही.

पुढचे तीन महिने आम्ही दारोदार फिरलो. मोटारींच्या वर्कशॉपला ही गाडी उचलता येईना. ट्रकवाल्यांना आतल्या घराला हात लावायचा नव्हता. घर बांधणाऱ्या कंपनीने टायरकडे बोट दाखवले, टायरवाल्याने वजनाकडे. आम्ही ट्रकच्या काट्यावर प्रत्येक आस वेगळा तोलून घेतला. भार मर्यादेत निघाला. ती पावती कोणी पाहिली नाही. सांगाडा एकाचा, इंजिन दुसऱ्याचे, घर तिसऱ्याचे, फ्रीज चौथ्याचा. त्यामुळे दोष नेहमी उरलेल्या कोणाचा तरी. कायद्यानेही ही फाळणी मान्य केली आहे. कॅलिफोर्नियातील सदोष नव्या वाहनांविषयीचा कायदा मोटरहोमचा सांगाडा आणि ती चालवणारी यंत्रणा यांना संरक्षण देतो. राहण्यासाठी असलेला भाग त्यातून वगळतो. वाहन म्हणून आपण कायद्याच्या आत, आणि घर म्हणून बाहेर.

आमचे दुःख किरकोळ आहे, हे आम्ही जाणतो. गुडइयर कंपनीचा जी १५९ हा टायर १९९६ ते २००३ या काळात विकला गेला आणि अनेक मोटरहोमना बसवला गेला. अपघात झाले, माणसे दगावली, खटले उभे राहिले. पण तडजोडी गोपनीय राहिल्याने कागदपत्रे वर्षानुवर्षे मोहोरबंद राहिली. टायरात दोष नाही, अशी कंपनीची भूमिका होती. अखेर २०२२ मध्ये सरकारी यंत्रणेने मागणी केल्यावर ते टायर परत मागवण्यात आले. तोवर त्यांचे वय वीस वर्षांच्या घरात गेले होते. वाचू न दिलेला मजकूर किती महाग पडतो, याचे याहून कठोर उदाहरण आम्हांला ठाऊक नाही.

आता साहित्याकडे. स्टाइनबेक १९६० मध्ये चार्ली या कुत्र्यासह देश पाहायला निघाला, तो ट्रकवर बांधलेल्या घरातून. त्याचे नाव त्याने डॉन किहोटेच्या घोड्यावरून 'रोसिनांते' ठेवले. १९६२ च्या त्या पुस्तकात ओरेगॉनमध्ये पावसाळी रविवारी टायर फुटतो आणि पेट्रोलपंपावरचा एक अनोळखी माणूस खटपट करून नवे टायर मिळवून देतो. पुस्तकातील तपशिलांच्या खरेपणावर पुढे शंका घेतल्या गेल्या. तरी तो प्रसंग आम्हांला खरा वाटतो, कारण मोकळ्या रस्त्याचे स्वातंत्र्य परक्या माणसाच्या हातावर किती अवलंबून असते, हे त्यात लपवलेले नाही. पर्सिगच्या १९७४ च्या मोटरसायकलवरील ग्रंथात याची दुसरी बाजू आहे : रेडिओ लावून गाडी उघडणारे, आणि आपल्याच कामाकडे त्रयस्थासारखे पाहणारे मेकॅनिक. त्याच्या लेखी बेफिकिरी हा कौशल्याचा नव्हे, वृत्तीचा प्रश्न आहे. जेसिका ब्रूडरचे २०१७ चे 'नोमॅडलँड' तर अशा माणसांविषयी आहे, ज्यांच्यापाशी गाडीखेरीज दुसरे घरच नाही. त्यांची गाडी दुरुस्तीला गेली, की ती माणसे त्या रात्री बेघर होतात.

म्हणून आम्हांला असे म्हणावयाचे आहे, की प्रवासवर्णनात दुरुस्तीचे प्रकरण 'विषयांतर' म्हणून वगळले जाऊ नये. डोंगर आणि सूर्यास्त सर्वांसाठी सारखेच असतात. लेखकाचे समाजाशी असलेले नाते कळते ते गाडी बंद पडल्यावर. कोण थांबले, कोणी हात झटकले, कोण गाडीखाली वाकले, हे ज्या पुस्तकात नाही, तिथे प्रवासी देशातून गेला असेल. देश त्याला भेटला असे म्हणवत नाही.

रस्त्याच्या कडेला बॅटरी धरणाऱ्या त्या माणसाचे नाव विचारायचे आमच्याकडून राहून गेले. त्याने शिकवलेले वाचन मात्र आम्ही सोडलेले नाही. आता प्रत्येक प्रवासाआधी आम्ही सतरंजी पसरून गाडीखाली शिरतो आणि सहाही टायरांवरचे आकडे मोठ्याने वाचतो.