हिंगणा मार्ग : एका रस्त्याच्या दोन बाजू

नागपूरहून हिंगण्याकडे निघाले की डिगडोहच्या टेकडीवर लता मंगेशकर यांच्या नावाचे रुग्णालय लागते. त्याला जोडूनच एन. के. पी. साळवे यांच्या नावाचे वैद्यकीय महाविद्यालय आहे. गानसम्राज्ञी आणि काँग्रेसचे केंद्रीय मंत्री राहिलेले राजकारणी एकाच आवारात कसे आले, याचे नव्या पिढीला नवल वाटेल. १९८३ साल आठवणाऱ्यांना वाटणार नाही. साळवे तेव्हा क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्ष होते. विश्वचषक जिंकून आलेल्या संघाला बक्षीस द्यायला मंडळाच्या तिजोरीत पैसा नव्हता. (आजच्या मंडळाचा थाट पाहता ही गोष्ट कोणाला खरी वाटणार?) लताबाईंनी दिल्लीत मानधन न घेता मैफल केली आणि त्या निधीतून प्रत्येक खेळाडूच्या हाती एक लाख रुपये पडले.

त्याच १९८३ साली महाराष्ट्रात आणखी एक गोष्ट घडली. तिचा परिणाम क्रिकेटच्या विजयाहून दूरगामी ठरला. मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांनी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. बंगळुरूकडे लागणारी मराठी मुलांची रांग थांबावी, हा त्यामागील विचार होता. दुसऱ्याच वर्षी, १९८४ मध्ये, वानाडोंगरीत यशवंतराव चव्हाण अभियांत्रिकी महाविद्यालय उभे राहिले. ते दत्ता मेघे यांच्या संस्थेचे. डिगडोहचे वैद्यकीय महाविद्यालय १९९० चे. त्याची संस्था रणजित देशमुख यांची. दोघेही त्या काळातील विदर्भ काँग्रेसचे वजनदार नेते. पुढे पक्ष बदलले, संस्था मात्र वाढत गेल्या. मेघे २०१४ मध्ये भारतीय जनता पक्षात गेले आणि त्याच वर्षी त्यांचे पुत्र समीर मेघे हिंगण्यातून विधानसभेवर निवडून आले. २०१९ आणि २०२४ मध्येही मतदारांनी त्यांनाच कौल दिला.

या साऱ्याला 'शिक्षणसम्राटांचे राजकारण' म्हणून नाक मुरडणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. या संस्था नसत्या तर विदर्भातील हजारो अभियंते आणि डॉक्टर घडले नसते, हे मान्य करावे लागेल. शिकवण्यासाठी रुग्ण हवेत, खाटा भरलेल्या हव्यात, हा वैद्यकीय शिक्षणाचा नियमच असल्याने आसपासच्या गरिबांना उपचारही मिळाले. खरा प्रश्न वेगळा आहे. चाळीस वर्षे विज्ञानशिक्षणाचे केंद्र राहिलेल्या या रस्त्याच्या परिसरात विज्ञानाचा उपयोग सामान्य कामगाराचा जीव वाचवण्यासाठी किती झाला?

हिंगण्याची औद्योगिक वसाहत राज्यातील जुन्या वसाहतींपैकी एक. ट्रॅक्टरपासून लहानसहान सुट्या भागांपर्यंत येथे बरेच काही बनते. पण गेल्या काही वर्षांत नागपूर जिल्ह्याचे नाव देशभर गाजले ते स्फोटकांच्या उत्पादनासाठी. १७ डिसेंबर २०२३ रोजी बाजारगावजवळील कारखान्यात स्फोट झाला आणि नऊ कामगार दगावले. त्यात सहा महिला होत्या. विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन त्या वेळी नागपुरातच सुरू होते. शोक व्यक्त झाला, मदत जाहीर झाली, चौकशीचे आदेश निघाले. सहा महिनेही पुरते उलटले नाहीत तोच, १३ जून २०२४ रोजी, हिंगणा पोलीस ठाण्याच्या हद्दीत धामणा येथील कारखान्यात स्फोट झाला. तेथेही मृतांमध्ये बहुतांश महिला, आणि त्यांतील काही जेमतेम विशीतल्या मुली होत्या. जखमींपैकीही काही पुढे वाचू शकले नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये भंडाऱ्याजवळच्या आयुधनिर्माणीत आठ जणांचा बळी गेला. पुढच्याच महिन्यात काटोल भागातील फटाक्यांच्या कारखान्यात दोघांचा मृत्यू झाला.

येथे एक विसंगती लक्षात घेतली पाहिजे. स्फोटकांना परवाना देणाऱ्या आणि त्यांच्या सुरक्षेवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय नागपुरातच आहे. म्हणजे ज्ञान दूर दिल्लीत आहे, ही सबब येथे चालत नाही. मात्र स्फोटकांचा कायदा केंद्राकडे, कारखान्यातील कामगारांची सुरक्षितता पाहणारे संचालनालय राज्याकडे, आणि गुन्हा नोंदवायचा तो स्थानिक पोलीस ठाण्यात, अशी जबाबदारीची वाटणी आहे. ती कागदावर नीट दिसते. अपघातानंतर मात्र प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवू शकतो. भरणा आणि वेष्टनाचे काम, म्हणजे जेथे माणसाचा हात स्फोटकाच्या सर्वांत जवळ असतो ते काम, यंत्राकडे सोपवणे तंत्रज्ञानाला अशक्य नाही. स्वस्त हात उपलब्ध असेपर्यंत त्याची निकड कारखानदाराला वाटत नाही, हे उघड आहे. बाजारगावच्या कारखान्यात स्फोट झाला तोही वेष्टनाच्याच विभागात.

धामण्याच्या घटनेला महिनाही झाला नव्हता, तेव्हा ८ जुलै २०२४ रोजी राज्य सरकारने मुलींसाठी व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय काढला. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गातील मुलींना त्याचा लाभ आहे. निर्णय स्वागतार्हच आहे. निवडणूक तोंडावर होती म्हणून त्याचे मोल कमी होत नाही. पण तो लागू होतो केंद्रीय प्रवेश प्रक्रिया ओलांडून आलेल्या मुलीला. दहावी-बारावीनंतर घरखर्चासाठी कारखान्याच्या फाटकात उभी राहणारी मुलगी त्या यादीत येतच नाही. तिच्यासाठी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत सुरक्षित कामाचे शिक्षण आणि त्या काळात विद्यावेतन, एवढे केले तरी पुष्कळ फरक पडेल.

नागराज मंजुळे यांच्या 'झुंड' (२०२२) मध्ये महाविद्यालय आणि झोपडपट्टी यांच्यामधली भिंत दिसते. नागपूरचे प्राध्यापक विजय बारसे यांच्या कामावर बेतलेला तो चित्रपट. त्यातील मुले फुटबॉलमुळे पलीकडे जातात. समीक्षकांनी चित्रपटाच्या लांबीबद्दल तक्रार केली. ती भिंत मात्र नेमकी होती. हिंगणा मार्गावर ती विटांची नाही इतकेच.

मेट्रो २८ जानेवारी २०२० पासून या मार्गावर लोकमान्य नगरपर्यंत धावते. डिसेंबर २०२२ मध्ये मंजूर झालेल्या दुसऱ्या टप्प्यात ती सुमारे पावणेसात किलोमीटर पुढे हिंगण्यापर्यंत जायची आहे. त्या कामाचा पाठपुरावा आमदार, खासदार आणि पालकमंत्री उत्साहाने करतात, आणि करावाही. तेवढ्याच नेटाने बाजारगाव आणि धामण्याचे चौकशी अहवाल पुढच्या हिवाळी अधिवेशनात पटलावर ठेवण्याचा आग्रह हिंगण्याच्या प्रतिनिधीने धरला, तर त्यासाठी त्याला मुंबईलाही जावे लागणार नाही.