कुमासीचे सोने आणि लंडनची मालकी

२०२४ साली लंडनच्या दोन संग्रहालयांनी असांते राजदरबाराच्या ३२ वस्तू घानातील कुमासी या असांत्यांच्या राजधानीत पाठवल्या. १७ व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या, १५ ब्रिटिश म्युझियमच्या. दीडशे वर्षांनी राजवैभव घरी परतले म्हणून जगभर कौतुक झाले. पण या वस्तू परत दिलेल्या नाहीत. त्या तीन वर्षांच्या बोलीवर उसन्या दिल्या आहेत, फार तर आणखी तीन वर्षे ठेवून घेता येतील. या उसनवारीच्या समर्थनार्थ जे जे सांगितले जाते, त्यातला एकही मुद्दा पुराव्यापुढे टिकत नाही.

युद्धात जिंकलेले ते जेत्याचे, हा त्यातला सर्वात जुना मुद्दा. ४ फेब्रुवारी १८७४ रोजी इंग्रज सेनापती सर गार्नेट वूल्झलीचे सैन्य कुमासीत शिरले, तेव्हा राजा कोफी कारिकारी शहर सोडून गेला होता. दोनच दिवसांनी सैन्य परत फिरले आणि जाताना शहर पेटवून, राजवाडा सुरुंगाने उडवून गेले. त्याआधी रातोरात अधिकाऱ्यांनी दालनांतून फिरून नेण्याजोगे ते सारे निवडून घेतले. या लुटीचा लिलाव झाला. त्यातल्या बऱ्याच वस्तू गॅरार्ड या लंडनच्या जवाहिऱ्याने घेतल्या आणि आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टने त्याच वर्षी त्यांपैकी १३ वस्तू विकत घेतल्या. लंडनच्या वॉलेस संग्रहातले सोन्याचे प्रसिद्ध मस्तकही याच लुटीतले. पुढे फोमेनाच्या तहात ५०,००० औंस सोन्याची खंडणी लादली गेली. काही वस्तू त्या खंडणीपोटी आल्या, म्हणून त्या कायदेशीर, असे सांगतात. राजधानीची राख गरम असताना करून घेतलेल्या कराराला संमती म्हणायचे असेल, तर जबरदस्ती कशाला म्हणायचे?

आम्ही नेले म्हणून वस्तू टिकल्या, हा दावा तर संतापजनक आहे. राजवाड्यातली ‘आबान’ ही दगडी वास्तू राजा ओसेई बोन्सूने १८२२ मध्ये उभारली होती. सैन्याबरोबर गेलेल्या इंग्रज बातमीदारांनी ती पाडण्याआधी आतून पाहिली. अनेक भाषांतील पुस्तके, बोहेमियाची काचपात्रे, घड्याळे, चांदीची भांडी, इराणी गालिचे, १८४३ सालचे लंडनचे वृत्तपत्र हे सारे तिथे नीट ठेवलेले होते. देशोदेशीच्या वस्तू जमवून राखणाऱ्या या वास्तूला संग्रहालय नाही तर काय म्हणावे? ज्यांनी ती सुरुंग लावून उडवली, त्यांच्याच संस्था आज जतनाचा हक्क सांगतात.

असांत्यांना जतन करता येते की नाही, याचे उत्तर सुवर्णासनाने दिलेले आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी राजा ओसेई तुतूच्या मांडीवर हे आसन आकाशातून उतरले, अशी असांत्यांची श्रद्धा आहे. त्यात साऱ्या राष्ट्राचा आत्मा वसतो, म्हणून त्यावर राजाही बसत नाही. इंग्रजांनी १८९६ मध्ये राजा पहिला प्रेम्पे याला कैद केले आणि पुढे सेशेल्स बेटांवर नेऊन ठेवले. १९०० मध्ये गव्हर्नर हॉजसनने हे आसन स्वतःला बसण्यासाठी मागितले. एजिसूची राजमाता याआ असांतेवा लढायला उभी राहिली. तिचा पराभव झाला, तीही सेशेल्सला गेली आणि तिथेच वारली; पण आसन इंग्रजांच्या हाती लागले नाही. १९२० च्या सुमारास रस्त्याचे काम करणाऱ्या मजुरांना ते सापडले, त्यांनी त्याचे अलंकार काढून विकले. तेव्हा असांते जनता अशी क्षुब्ध झाली, की सरकारला आसनावरचा दावा सोडावा लागला. प्राण देऊन, वीस वर्षे जमिनीत लपवून आपली वस्तू राखणाऱ्या समाजाला जतनाचे धडे कोणी द्यायचे?

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. असांते राज्य गुलामांच्या व्यापारावर पोसले, तिथे नरबळी दिले जात, शेजारची राज्ये त्याने चिरडली. मग या सोन्याचा कळवळा कशासाठी? हे आरोप खरे आहेत आणि ते झाकून असांते कलेचा गौरव करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पण त्या अन्यायाचा जाब विचारण्याचा अधिकार चिरडलेल्यांच्या वारसांचा आहे. केप कोस्टच्या किल्ल्यातून माणसे जहाजांत कोंबणाऱ्या राष्ट्राला त्यातून मालकी कशी मिळते?

या कलेकडे ‘कला’ म्हणून पाहायचे तर तिचे काम समजून घ्यावे लागते. असांते बाजारात सोन्याची धूळ हेच चलन होते. ती तोलायला पितळी वजने लागत. मेणाची आकृती घडवून, वर माती लिंपून, मेण वितळवून, त्या पोकळीत पितळ ओतून ती बनवत. मान वळवून मागे पाहणारा सांकोफा पक्षी, एकच पोट असूनही घासासाठी भांडणाऱ्या दोन मगरी, अशी त्यांची रूपे असत. वजनावर म्हणी कोरलेल्या नव्हत्या, वजन हीच म्हण होती. इंग्रजी नाणी आली आणि तोलण्याचे हे सारे साहित्य हौशी संग्राहकांच्या पेट्यांत गेले. १८७४ च्या लुटीत छातीवर घालायच्या सोन्याच्या गोल चकत्याही होत्या. राजाच्या आत्म्याच्या शुद्धीची जबाबदारी असलेले सेवक त्या घालत. पद आणि विधी वजा केले, तर काचेच्या कपाटात उरतो तो फक्त दागिना.

आणि ही कला बंदिस्तही नव्हती. किनाऱ्यावर येणारे युरोपी रेशमी कापड उसवून, त्याचे धागे वेगळे काढून कारागीर नवे वस्त्र विणत, हे अठराव्या शतकातल्या डेनिश व्यापाऱ्याने नोंदवले आहे. ‘असिपिम’ या मानाच्या खुर्चीचा घाट युरोपी, तिच्यावरचा पितळी खिळ्यांचा साज मात्र असांते. परक्याचे घेऊन आपले करण्याची ताकद त्यांच्यात होती. इंग्रजांशी त्यांचा संबंध केवळ तोफेचा नव्हता. १८१७ मध्ये इंग्रज दूत बाउडिच कुमासीला आला, तेव्हा त्याला ‘सांकुओ’ या तंतुवाद्याची सोन्याची छोटी प्रतिकृती मिळाली. ती ब्रिटिश म्युझियमच्या मालकीची आहे, आणि ती भेट होती म्हणून तिच्यावर माझा आक्षेप नाही. भेट आणि लूट यांतला हाच फरक लंडनने मान्य करावा.

उरला कायदा. संग्रहातली वस्तू देऊन टाकायला मनाई करणाऱ्या १९६३ आणि १९८३ च्या कायद्यांनी आमचे हात बांधले आहेत, असे ही संग्रहालये सांगतात. असांतेहेने, म्हणजे असांत्यांचा राजा, दुसरा ओपोकू वारे याने ब्रिटनकडे राजवैभव रीतसर परत मागितले ते १९७४ मध्ये. व्हिक्टोरिया अँड अल्बर्टला अडवणारा कायदा त्यानंतर नऊ वर्षांनी झाला. म्हणजे मागणी समोर असताना ही गाठ मारली गेली. ती मारणाऱ्या संसदेलाच ती सोडवता येते.

हे सारे मराठी वाचकाला दूरचे वाटू नये. त्याच २०२४ मध्ये, त्याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमधून वाघनखे साताऱ्याला आली, तीही तीन वर्षांच्याच बोलीवर. ती साताऱ्याचा इंग्रज रेसिडेंट ग्रँट डफ याच्या वंशजांकडून आलेली, शिवाजी महाराजांनी वापरलेली तीच का, याची खात्री त्या संग्रहालयालाही देता येत नाही. कुमासीच्या लुटीचा पुरावा तर लुटणाऱ्यांनीच लिहून ठेवला आहे. आपल्याकडे उसनवारीवर मनात खंत असेल, तर कुमासीच्या बाजूने उभे राहणे आपल्याला जड जाऊ नये.

उसने घेतले म्हणजे मालकी मान्य केली, अशी टीका घानातही झाली. या वस्तू उसन्या घेणाऱ्या कुमासीच्या मान्हिया राजवाड्याच्या संग्रहालयाला मी त्यासाठी दोष देणार नाही. आपल्या वस्तू डोळ्यांनी पाहण्याची संधी त्यांनी का नाकारावी? पण दुसरा मार्ग होता. त्याच वर्षी फेब्रुवारीत लॉस एंजेलिसच्या फाउलर म्युझियमने सात असांते वस्तू कायमच्या परत केल्या, कोणतीही मुदत न घालता. लंडनची मुदत २०२७ मध्ये भरते आहे. तोपर्यंत संसदेने १९६३ आणि १९८३ चे कायदे बदलावेत आणि १८७४ च्या लुटीतल्या वस्तू कुमासीतच राहू द्याव्यात.