घाण्याच्या बैलालाही शब्बाथ असतो



मी काही लेखिका नाही. चाळीस वर्षे तापाचे तक्ते आणि औषधांच्या वेळा लिहिल्या, तेवढेच माझे लेखन. पण काही दिवसांपूर्वी शब्बाथच्या तेफिलेनंतर सिनेगॉगच्या दालनात किद्दुश चालू असताना आमच्या ओळखीचे एक वडीलधारे गृहस्थ चारचौघांत मला म्हणाले, "काय हो सिस्टर, सेशेल्सला जाऊन आलात म्हणे सगळे! देशावर काय वेळ आली होती आणि तुम्ही एवढा पैसा समुद्रात घातलात?" आजूबाजूचे हसले. शब्बाथ होता म्हणून मी हातातली खीर संपवली आणि गप्प बसले. आता शब्बाथ संपला आहे. म्हणून उत्तर देते. ते एकट्या त्या गृहस्थांना नाही, हसणाऱ्या सर्वांना आहे.

आधी हकीगत सांगते. १९९८ साली माझ्या यजमानांनी एका जुन्या कॅलेंडरातले चित्र कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवले. हिंदी महासागरातल्या सेशेल्समधील ला दीग नावाच्या बेटाचा तो किनारा. हत्तीच्या पाठीसारखे करडे गुळगुळीत खडक, पांढरी वाळू आणि वाकलेले माड. ते कारखान्यात पाळीवर होते, मी इस्पितळात पाळीवर. कपाट उघडले की ते म्हणत, "पुढच्या वर्षी." पण त्या पुढच्या वर्षी थोरल्याचे सैन्य निघाले. मग घराच्या कर्जाचे हप्ते. २००६ च्या उन्हाळ्यात लेबनॉनची लढाई. २००९ मध्ये मुलीचे लग्न. २०१४ च्या उन्हाळ्यात पुन्हा भोंगे. २०२० मध्ये खरोखरच तिकिटे काढली, यादीत पहिले नाव त्यांचेच होते, आणि करोनाने साऱ्या जगाचीच दारे लावली. २०२१ मध्ये यजमान गेले. चित्र कपाटातच होते, पिवळे पडलेले.

मुलांनी २०२५ च्या जूनची तिकिटे काढली. त्याच महिन्यात इराणशी लढाई जुंपली, विमानतळ बंद झाला आणि आम्ही सुट्टीतल्या रात्री घराच्या ममादमध्ये, लोखंडी खिडकी लावून, नातवंडांना मांडीवर घेऊन काढल्या. अखेर नोव्हेंबरात आम्ही आठ जण निघालो. मुलांची शाळा बुडवली, हेही आता कबूल करून टाकते. सत्तावीस वर्षे वाट पाहून आम्ही सहा रात्री घराबाहेर राहिलो. याला कोणी उधळेपणा म्हणत असेल, तर त्याने एकदा हिशेब नीट मांडून पाहावा.

पहिला आक्षेप पैशाचा. आपल्या समाजात लग्नासाठी चारशे माणसांचा हॉल घेतात, मेहंदीचा वेगळा हॉल, बार मिट्झवाचा आणखी वेगळा. तिथे आचाऱ्याचे आणि बँडवाल्याचे पैसे देताना कोणी म्हणत नाही की पैसा समुद्रात गेला. उलट, चारशेच्या जागी तीनशे बोलावले तर रुसवे होतात. लग्न जरूर थाटात करा, मीही केले. पण एका संध्याकाळी शंभर ओळखीच्या आणि तीनशे अनोळखी माणसांना जेवू घालणे हे कर्तव्य, आणि स्वतःच्या आठ माणसांना आठवडाभर एका छपराखाली स्वस्थ बसवणे ही चैन, हा कुठला न्याय?

आणि या देशाचा कायदाच काय म्हणतो ते पाहा. इस्रायलचा वार्षिक रजेचा कायदा १९५१ चा आहे. राज्य तीन वर्षांचे होते आणि लोक तंबूंत राहत होते. तरीही रजेचा निदान एक तुकडा सलग सात दिवसांचा असावा, असे त्यात लिहिले गेले. शिवाय आपल्याला दमेई हवराआ मिळतात. हवराआ म्हणजे दुखण्यातून उठल्यावर अंगात पुन्हा ताकद भरून येणे. खाजगी नोकरीत पहिले वर्ष भरले की ५ दिवसांचे, आणि २० वर्षे झाली की १० दिवसांचे पैसे. हा पगाराचा उरलासुरला भाग नव्हे, तो माणसाने बरे व्हावे म्हणून दिलेला पैसा आहे. आपल्या घरांत त्याचे काय होते? फ्रीज येतो, गालिचा येतो, कोणाच्या तरी मेहंदीचा आहेर जातो. रजा तर आपण चिंध्यांसारखी फाडतो. अर्धा दिवस बँकेला, एक दिवस शिंपिणीला, दोन दिवस कोणाच्या मयताला. माझ्या नोकरीच्या सर्व वर्षांत मी सलग सात दिवस घेतले ते फक्त बाळंतपणात आणि शिवाला बसले तेव्हा.

दुसरा आक्षेप मोठा आहे आणि मी तो हसण्यावारी नेत नाही. देशात घरोघरी दुःख असताना समुद्रावर जाणे शोभते का? ज्यांच्या घरी दिवा विझला त्यांच्यापुढे मी मान खाली घालते. पण आक्षेप घेणारे बहुधा ते नसतात. माझा मुलगा मिलुईमवर किती दिवस होता हे मी मोजणे सोडून दिले होते. घरी आला तरी पहाटे तीनला उठून स्वयंपाकघरात बसायचा. दार आपटले की धाकटा नातू टेबलाखाली जायचा. बेटावर तिसऱ्या रात्री माझा मुलगा नऊ तास झोपला. मी परिचारिका आहे. झोपलेल्या माणसाचा श्वास मला कळतो. औषधाने आलेली झोप वेगळी, थकून कोसळल्याची वेगळी आणि निर्धास्त झोप वेगळी. मी दाराशी उभी राहून तो श्वास ऐकला, आणि तिकिटांचे पैसे मला तिथेच वसूल झाले.

वॉर्डात एखादी परिचारिका लागोपाठ तिसरी पाळी करायला निघाली तर आम्ही तिचे कौतुक करत नसू. तिच्या हातून औषधाच्या कपाटाची किल्ली काढून घेत असू. कारण थकलेला हात चुकतो, आणि त्याच्या चुकीची किंमत रोगी भरतो. हाच नियम घराला आहे. थकलेला बाप मुलावर ओरडतो, थकलेली सून सासूवर, आणि थकलेली सासू सर्वांवर. मग आपण म्हणतो, हल्ली घरात माया राहिली नाही. माया आहे हो, विसावा नाही.

तिसरा आक्षेप: "माडच पाहायचे तर आपले कोकण काय वाईट?" कोकण वाईट नाही, माझे बालपण तिथे गेले. इकडे आल्यापासून मी चार वेळा जाऊन आले आणि चारही वेळा थकून परतले. अलिबागेला पाय ठेवताच अकरा घरी चहा, प्रत्येक घरी भेटवस्तू, कबरस्तानात जायचे, खंडाळ्याला एलियाहू हन्नाबीच्या जागी नवसाचा मलिदा करायचा, मुंबईत उरलेल्या नातेवाइकांकडे राहायचे, आणि एका घरी दोन रात्री नि दुसऱ्या घरी एकच रात्र का, याचे उत्तर परत येईपर्यंत देत बसायचे. ती यात्रा आहे. यात्रा करावी. पण यात्रेला विश्रांती म्हणू नये.

आणि गंमत अशी की कोकण तिथे मला भेटायला आले. माहे बेटावर ज्या झाडाखाली मी दुपारभर पडून असे, त्याला तिथले लोक ताकामाका म्हणतात. पाने पाहिली, फळ चुरडून पाहिले, आणि ओळखले, ही तर आपली उंडी! हिच्याच बियांचे कडू तेल कोकणात दिव्यांत जाळत. प्रालँ बेटावरच्या वनात दर्याचा नारळ पाहिला. लहानपणी आजीच्या गुटीच्या डबीत त्याचा तुकडा असे, ती सहाणेवर उगाळी. परिचारिका म्हणून त्या औषधाची हमी मी देणार नाही, पण त्याचे झाड साठ वर्षांनी पाहिले. ते फळ झाडावर पिकायला सहा-सात वर्षे लागतात. मनात म्हटले, बाबा रे, आम्हाला सत्तावीस लागली.

चौथा आक्षेप धर्माचा. शब्बाथ कसा पाळला, कशेरचे काय केले? खवले आणि पर असलेला मासा, भात, भाज्या, फणसासारखा दिसणारा तिथला निरफणस आणि नारळाचे दूध. हे जेवण आपल्या माणसाला जड जाते काय? मेणबत्त्या आणि किद्दुशचा पेला घरून नेला होता. आणि खरे सांगू? बीरशेबात आमच्या शब्बाथच्या टेबलावर सर्व आठ जण एकाच वेळी शेवटपर्यंत बसले, असे गेल्या दहा वर्षांत झाले नव्हते. तिथे झाले.

आता त्या कपाटातल्या चित्राविषयी. ला दीगचा तो किनारा गाठायला नारळाच्या एका जुन्या मळ्यातून जावे लागते. त्या मळ्यात खोबऱ्याचे तेल काढायचा बैलाचा घाणा प्रवाशांना दाखवण्यासाठी जपून ठेवला आहे. मी वाटेतच थांबले. आम्ही गेलो तेव्हा बैल सोडलेला होता, सावलीत रवंथ करत बसला होता. नातवाने विचारले, "सावता, हे काय आहे?" मी म्हटले, "हे आपले आडनाव आहे."

मग त्याला सांगितले ते इथेही सांगते, कारण आपणही ते विसरलो आहोत. कोकणात आपले पूर्वज घाणा चालवत. शेजारचे सोमवार तेली शंकराच्या वाराला घाणा बंद ठेवत, आपण शनिवारी. म्हणून गाव आपल्याला शनिवार तेली म्हणे. आपल्याजवळ तेव्हा सिनेगॉग नव्हते, हजान नव्हता, हिब्रू अक्षर वाचणारा माणूस नव्हता. शेमा, सुंता, काही उपास, खाण्याचे नियम आणि शनिवारचा बंद घाणा, एवढ्यावर आपण यहुदी राहिलो. ते श्रीमंत नव्हते. शनिवारचे तेल गेले म्हणजे त्या दिवसाची कमाई गेली. तरी घाणा थांबे. आणि एकट्या माणसाचा नव्हे. दुसऱ्यांदा सांगितलेल्या दहा आज्ञांत बैलाचे नाव घेऊन त्यालाही विसावा द्यायला सांगितले आहे. शनिवार तेल्याचा बैल शनिवारी जू खाली ठेवून बसे.

आणि त्याच तेल्यांची नातवंडे आज विसाव्याची लाज बाळगतात! दोन-दोन पाळ्या करणारी बाई भली, रजा शिल्लक टाकून निवृत्त होणारा माणूस कर्तबगार, आणि सात दिवस समुद्रावर बसलेली विधवा उधळी. ज्या गोष्टीवरून गावाने आपल्याला नाव दिले, तिचीच आपण थट्टा करतो.

मात्र जाणाऱ्यांनाही दोन शब्द सुनावते. कर्ज काढून जाऊ नका. कर्जाने मिळालेला विसावा व्याजात जातो. बेटच हवे असेही नाही. किनेरेतच्या काठी खोली घ्या, पण सात दिवस घ्या, आणि सलग घ्या. मनगटात पट्टी बांधली म्हणून ताटात डोंगर रचू नका. खोली झाडणाऱ्या बाईला सकाळी नमस्कार करा. या देशात आल्यावर आपल्या कित्येक आयांनी तेच काम केले आहे. आणि आजीला मुले सांभाळायला म्हणून नेऊ नका. मी निघण्यापूर्वीच बजावले होते, "आया हवी असेल तर आयेचे तिकीट काढा. मी पाहुणी म्हणून येते." मुलगा हसला, सून हसली नाही. पण तिने ऐकले, आणि चौथ्या दिवशी तीच माझ्याशेजारी उंडीखाली येऊन पडली.

त्या खडकांपाशी मी यजमानांचे चित्र आणले होते, ते पाकिटातच राहू दिले. सगळे पाण्यात होते. त्यांची जागा रिकामी होती आणि ती भरणार नव्हती. पेसाहच्या रात्री आपण जे "पुढच्या वर्षी" म्हणतो, ते यरुशलेमसाठी आहे. आपल्या बापजाद्यांनी शेकडो वर्षे म्हटले आणि आपण येऊन पोहोचलो. पण तो शब्द आपल्या तोंडी असा बसला की आता आपण सर्वच गोष्टी पुढच्या वर्षावर टाकतो. यजमानांनी तेवीस वर्षे टाकली. मीही त्यांच्याबरोबर टाकली. त्याचा दोष मी लढाईला देत नाही नि करोनालाही नाही. मधल्या किती तरी वर्षी काहीच आडवे आले नव्हते. त्या वर्षी आम्ही फक्त लोक काय म्हणतील याला भ्यालो.

म्हणून त्या वडीलधाऱ्या गृहस्थांना माझे नम्र सांगणे: पैसा समुद्रात गेला नाही. उशिरा गेलो, एवढाच आमचा गुन्हा. आपण आणि वहिनी या उन्हाळ्याच्या हवराआचे काय करणार आहात, ते मी पुढच्या किद्दुशला चारचौघांत विचारणार आहे. उत्तर तयार ठेवा. "पुढच्या वर्षी" हे उत्तर चालणार नाही.

— एक निवृत्त परिचारिका, बीरशेबा