चंद्राचा फोटो आणि चंद्राची साक्ष

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. रमजानचा एकोणतिसावा रोजा होता. मगरिबनंतर आम्ही वीस-पंचवीस जण मशिदीच्या गच्चीवर उभे होतो. पश्चिमेला ढग होते आणि चंद्र कुणालाच दिसला नाही. बाहेरगावाहूनही खात्रीची खबर आली नाही, तेव्हा मौलाना साहेबांनी तीस रोजे पूर्ण करायचे असं सांगितलं. ईशाची वेळ होत आली होती, तेवढ्यात सगळ्यांच्या मोबाइलवर एक फोटो येऊन पडला. आमच्याच मशिदीचा मिनार, त्याच्या बाजूला ठळक चंद्रकोर आणि खाली ओळ : 'चाँद मुबारक, आपल्या गावातून आत्ता.'

फोटो पाहून माझ्या पोटात गोळा आला. तो मीच काढलेला होता, दोन वर्षं आधी.

त्यात मिनाराभोवती रंगकामासाठी बांधलेली बांबूंची परांची स्पष्ट दिसत होती. मान वर केली असती तरी कळलं असतं की आज तिथे परांची नाही. पण सगळे फोटोतला चंद्रच पाहत होते. पलीकडच्या मोहल्ल्यात फटाके वाजले. मी "हा जुना फोटो आहे" असं सांगू लागलो, तेव्हा एक बुजुर्ग म्हणाले, "सर, फोटो तुमचाच ना? मग तुम्हीच नाही कसं म्हणता?"

मी घरी जाऊन कॅमेऱ्यातली मूळ फाइल आणली. तिच्यावरची तारीख मौलाना साहेबांना दाखवली. त्यांनी ती नीट पाहिली आणि एवढंच विचारलं, "बेटा, ये तारीख तस्वीर पे क्यों नहीं लिखी?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी एका घरात शिरखुर्मा होता आणि त्याच गल्लीत शेजारच्या घरी रोजा.

तेव्हा एक गोष्ट मी मौलाना साहेबांनाही सांगितली नव्हती, ती इथे सांगतो. तो चंद्र त्या मिनाराशेजारी कधी नव्हताच. मिनाराचा फोटो १८ मिलिमीटरच्या लेन्सने घेतला होता. अशा लेन्समध्ये चंद्राची प्रतिमा सेन्सरवर मिलिमीटरच्या जेमतेम सहाव्या भागाएवढी पडते, म्हणजे फोटोत फक्त एक ठिपका. तो बरा दिसेना म्हणून दुसऱ्या एका संध्याकाळी २०० मिलिमीटरच्या लेन्सने काढलेली कोर मी तिथे आणून बसवली. लोकांनी वाहवा केली आणि मी गप्प राहिलो.

आकाशाचे फोटो काढण्याचा छंद असणाऱ्यांना 'हे सगळं कॉम्प्युटरवर केलेलं असतं' हा टोमणा नेहमी ऐकावा लागतो. तो अर्धाच खरा आहे. देवयानी दीर्घिकेचा फोटो काढायचा तर एका फोटोने भागत नाही. तिचा प्रकाश सुमारे २५ लाख वर्षं प्रवास करून आलेला आणि अतिशय मंद असतो. म्हणून गावाबाहेरच्या माळावर ट्रायपॉड रोवून एकाच जागेचे शंभर फोटो घ्यायचे आणि नंतर ते एकावर एक जुळवायचे. असे शंभर फोटो जुळवले की कॅमेऱ्याचा स्वतःचा खरखरीतपणा सुमारे दहापटीने कमी होतो आणि खालची दीर्घिका वर येते. ही लबाडी नव्हे. जे आकाशात आहे तेच इथे साफ करून दाखवलेलं असतं. मी मिनारापाशी केलं ते वेगळं होतं. जे तिथे नव्हतं ते मी आणून ठेवलं. या दोन्हींतली रेघ फोटो काढणाऱ्याला पक्की ठाऊक असते. पाहणाऱ्याला ती कळायला मार्ग नसतो, म्हणून सांगण्याची जबाबदारी काढणाऱ्याचीच.

हीच दीर्घिका इसवी सन ९६४ च्या सुमारास इस्फहानच्या अब्दुर्रहमान अल-सूफी यांनी आपल्या ग्रंथात एक लहानसा ढग म्हणून नोंदवली. त्यांनी टॉलेमीची ताऱ्यांची यादी घेतली, पण ती जशीच्या तशी उतरवली नाही. तारे स्वतः पाहून त्यांची तेजस्विता पुन्हा तपासली. आपण अल-सूफी आणि उलुगबेग यांची नावं भाषणांत अभिमानाने घेतो. आल्डेबरान, रायजेल, डेनेब ही ताऱ्यांची नावं अरबी आहेत हेही सांगतो. पण 'स्वतः पाहा, मग लिहा' ही त्यांची शिस्त मात्र फोटो पुढे ढकलताना आपल्याला आठवत नाही.

आपल्याकडे चंद्रदर्शन हा साक्षीचा विषय आहे. कोण बोलतोय, त्याने कुठून पाहिलं, कधी पाहिलं हे विचारूनच गवाही घेतली जाते. मग फोटोला ही सूट का? माणसाला चार प्रश्न विचारणारे आपण, मोबाइलवरच्या चित्राला एकही विचारत नाही.

काही जण म्हणतील, आता कॅमेराच चंद्र पाहील, माणसाच्या नजरेची गरज काय? मला ते पटत नाही. ८ जुलै २०१३ रोजी, रमजानच्या तोंडावरच्या अमावास्येला, फ्रान्सचे तिएरी लगो यांनी नेमक्या अमावास्येच्या क्षणी, भरदिवसा, सूर्यापासून साडेचार अंशांच्या आत असलेल्या चंद्राचा फोटो घेतला. त्यासाठी अवरक्त प्रकाशाचा उपयोग केला. तो चंद्र जगात कुणाच्याही डोळ्यांना दिसणं शक्य नव्हतं. म्हणजे कॅमेऱ्यात आला म्हणून चंद्र 'दिसला' असं होत नाही. दर्शन कशाला म्हणायचं ते उलेमांनी ठरवावं. पण काही एकोणतीस तारखांना चंद्र सूर्याच्या आधीच मावळतो आणि हे स्टेलेरियमसारख्या मोफत सॉफ्टवेअरवर कुणालाही आधी पाहता येतं. अशा संध्याकाळी आलेला फोटो खरा असूच शकत नाही. तो नाकारण्यापुरता तरी हिशेब आपण मानला पाहिजे.

माझ्यासारख्या हौशी मंडळींना माझं सांगणं आहे की फोटोच्या आतच तारीख, वेळ, गाव आणि लेन्स लिहा. मोबाइलवरून पुढे जाताना फाइलमधली माहिती बहुधा गळून पडते, चित्रावर लिहिलेलं मात्र टिकतं. दोन फोटो जोडले असतील तर तेही लिहा. वाहवा थोडी कमी मिळेल, मला तशी ती मिळतेच आहे.

आणि गावोगावच्या मशिदींनी दर एकोणतीस तारखेला चार मुलांना साधा कॅमेरा आणि वही देऊन गच्चीवर पाठवावं, फक्त ईदच्या वेळी नव्हे, बाराही महिने. चंद्र दिसला तर वेळेसह नोंद, नाही दिसला तर तशी नोंद. आमच्याकडे हे सुरू करून दोन वर्षं झाली. वहीत 'दिसला नाही' असं बऱ्याचदा लिहिलंय. मौलाना साहेब ती वही मागवून घेतात आणि वाचतात.

त्या मिनाराच्या फोटोची मूळ फाइल मी अजून ठेवली आहे. मुलांना पहिल्या दिवशी तीच दाखवतो आणि त्यात खोटं काय आहे ते शोधायला सांगतो. परांची त्यांना लगेच दिसते. चंद्राचं मला सांगावं लागतं.