मूल म्हणजे मिळकत नव्हे

सुरतेच्या लिंबायत-उधना भागात स्थिरावलेल्या खानदेशी कुटुंबात संसार मोडला, की सून लेकरासह ताप्ती लाइनच्या गाडीने नंदुरबार-जळगावकडे माहेरी जाते आणि मुलाचा वाद दोन राज्यांत पसरतो. १८९०च्या पालक व पाल्य कायद्याप्रमाणे मुलाचे नेहमीचे वास्तव्य जेथे, तेथील न्यायालयाकडेच पालकत्वाचा अर्ज करावा लागतो. त्यामुळे मूल आपल्या गावी ठेवण्याची ओढाताण सुरू होते.

'ताबा' हा शब्द जमीनजुमल्याचा. गैरसमजाचे मूळ तेथेच आहे. ताबा म्हणजे रोजचा सांभाळ. पालकत्व म्हणजे मुलाच्या वतीने महत्त्वाचे निर्णय घेण्याचा अधिकार. भेटीचा हक्क तिसरा. १९५६च्या हिंदू कायद्याने पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे सोपविले, पालकत्वात मात्र बापास अग्रस्थान दिले. बाप हयात असतानाही प्रसंगी आई पालक ठरू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली गीता हरिहरन खटल्यात स्पष्ट केले. या सर्वांवर मुलाचे हित श्रेष्ठ होय. म्हणूनच परिस्थिती पालटल्यास ताब्याचा हुकूमही पालटू शकतो.

तेव्हा खटला 'जिंकल्या'च्या आनंदात ठरल्या दिवशी मुलास दडवून ठेवणाऱ्यांनी एवढे ध्यानी घ्यावे, की शिक्षा प्रतिपक्षास नव्हे, त्या अजाण जिवास होते. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी सामोपचाराने भेटीचे दिवस, सुट्ट्या व शाळेचा खर्च आधीच लिहून ठरवावा, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. हुकूमनाम्याने पतिपत्नी विभक्त होतात. आईबाप मात्र जन्मभर आईबापच राहतात.